‘३०डी’ लिहिलं आणि टायमर पिसाळला, आता पार्सर बदलू की लायब्ररी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) लोक ‘३०’, ‘५एम’ (पाच मिनिटं), ‘१एच३०एम’ (दीड तास) असं वाट्टेल ते लिहितात, ते वाचायला तुम्ही पन्नास-साठ ओळींची युटिलिटी, म्हणजे पार्सर, लिहिली आणि तिच्यावर सगळे टायमर चालतात. आता दोन तक्रारी आल्यात. दर तासाला चालणारं काम चार दिवसांत वीसेक मिनिटं पुढं सरकतं, आणि एका युजरने जुना डेटा साफ करायच्या कामाला ‘३०डी’ (३० दिवस) लावलं तर ते महिन्याने एकदा चालायच्या ऐवजी थांबायलाच तयार नाही. म्हणून तुम्ही विचारताय की वेळ पार्स करायला चांगली लायब्ररी कुठली.

लायब्ररी बदलून यातली एकही तक्रार जाणार नाही, हे आधीच सांगतो. मी बरीच वर्षं बॅकएंडवर हेच शेड्युलर आणि टाइमआउटचं काम करतोय आणि अशा वेळी बहुतेकदा पार्सर निर्दोष सुटतो. खरी गडबड अशी की ‘किती वेळाने’ आणि ‘किती वाजता’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या कोडमध्ये दोन्हींचं उत्तर एकच नंबर आहे. बोलताना आपण ‘दोन तासांनी’ आणि ‘दोन वाजता’ यात कधी घोळ घालत नाही, कोडमध्ये मात्र दोन्हीला टाइम म्हणतो आणि मोकळे होतो.

तुम्ही भाषा सांगितली नाहीये पण लक्षणांवरून नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) वाटतंय. तिथं सेटटाइमआउटचा (अमुक वेळाने काम सुरू करणाऱ्या फंक्शनचा) डिले ३२ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात बसावा लागतो, म्हणजे जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, साधारण २४ दिवस साडेवीस तास. तुमच्या युजरचे ३० दिवस म्हणजे २,५९,२०,००,००० मिलिसेकंद, मर्यादेच्या बाहेर. मग नोड एरर फेकत नाही, डिले गुपचूप १ मिलिसेकंद करून टाकतं. अगदी गुपचूप नाही म्हणा, एक ओव्हरफ्लोची वॉर्निंग छापतं, पण प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये ती कोण वाचतंय. म्हणजे तुमच्या पार्सरने उत्तर बरोब्बर दिलं होतं, ते पुढं ज्याच्या हातात गेलं त्याच्या हातात मावलं नाही. आणि हे काम डेटा डिलीट करणारं आहे म्हणताय, तर बाकी काहीही करायच्या आधी टायमरच्या वर एक तपासणी टाका की शेवटच्या वेळी चाललं त्याला अमुक इतका वेळ झाला नसेल तर हात लावायचा नाही.

याच दारातून अजून एक चोर येतो. डिले म्हणून नॅन (‘हा आकडाच नाही’ असं मूल्य) गेलं तरी नोड त्याचं १ मिलिसेकंदच करतं. त्यामुळे पार्सरला काही समजलं नाही आणि त्याने नॅन परत दिलं तर काम बंद पडणार नाही, उलट सुसाट सुटेल. रिकाम्या स्ट्रिंगला नंबर फंक्शनमध्ये टाकलं तर शून्य येतो, म्हणजे कॉन्फिगमधली ओळ कुणी रिकामी ठेवली तरी तोच प्रकार. आणि पार्सइंट वापरत असाल तर ‘३०डी’चे ३० होतात, ‘१एच३०एम’चा १ होतो, तक्रार काही नाही. पार्सरने न समजलेल्या गोष्टीला मोठ्याने नाही म्हणायचं, हा माझा यातला एकमेव हट्ट आहे.

आता पार्सरचंच बोलू, कारण तिथंही दोन-तीन निर्णय तुम्ही न घेता घेतले गेलेत.

पहिला म्हणजे नुसता ‘३०’. तीस काय? सेकंद की मिलिसेकंद? मी एका जुन्या ठिकाणी होतो तिथं कॉन्फिगमध्ये टाइमआउट ‘९०’ होता, एक मोड्यूल त्याला सेकंद समजायचं आणि दुसरं मिलिसेकंद, आणि लोकल मशीनवर सगळं इतकं फास्ट होतं की ९० मिलिसेकंदात पण काम उरकायचं, त्यामुळे टेस्ट हिरव्या. खऱ्या नेटवर्कवर गेल्यावर दर पाच-सहातली एक रिक्वेस्ट मरायला लागली आणि आम्ही दोन दिवस नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो होतो. गो या भाषेच्या टाइम पॅकेजमधलं पार्सड्युरेशन इथं मला आवडतं, ते ‘३०’ला सरळ एरर देतं, युनिट लिहा म्हणतं, सूट फक्त शून्याला. नोडच्या जगात ‘एमएस’ नावाचं एक छोटं पॅकेज फार चालतं, चांगलं आहे, पण नुसता आकडा दिला की ते मिलिसेकंद धरतं, आणि ‘१एच३०एम’ असं जोडून लिहिलेलं त्याला कळत नाही. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) फायलींमध्ये नुसता आकडा बहुतेक ठिकाणी सेकंद असतो. म्हणजे एकच माणूस सकाळी एका फाइलमध्ये ‘३०’ लिहितो तेव्हा त्याचे सेकंद होतात आणि दुपारी दुसऱ्या फाइलमध्ये मिलिसेकंद. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, युनिट नसेल तर सर्व्हिस सुरूच होऊ द्यायची नाही. जुन्या युजरच्या फायली तुटतील अशी भीती असेल तर एक-दोन रिलीज वॉर्निंग द्या, मग बंद करा.

दुसरं, ‘एम’. मिनिट की महिना? सिस्टमडीत स्मॉल एम मिनिट आणि कॅपिटल एम महिना, आणि त्यांचा महिना ३०.४४ दिवसांचा. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहायच्या मानकात अजून गंमत, ‘पीटी५एम’ म्हणजे पाच मिनिटं आणि मधला टी विसरून ‘पी५एम’ लिहिलं की पाच महिने. एक अक्षर. तुमचा पार्सर आधी सगळं लोअरकेस करून घेत असेल (बरेच जण घेतात, युजरला सोपं जावं म्हणून) तर कॅपिटल एम लिहिणाऱ्याचा महिना मिनिट होऊन बसतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी कॉन्फिगमध्ये फक्त चार युनिट ठेवतो, मिलिसेकंद, सेकंद, मिनिट, तास, आणि महिना-वर्ष कधीच घेत नाही. पॅटर्न अख्ख्या स्ट्रिंगला लावायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नाहीतर ‘१एच३०’ मधला १ तास उचलला जातो आणि ३० हवेत राहतात.

तिसरा प्रश्न दिवसाचा, आणि तुमचा ‘डी’ इथंच अडकलाय. गोच्या पार्सड्युरेशनमध्ये तासाच्या वर युनिटच नाही, दिवस नाही, आठवडा नाही. लोक त्यावर वैतागतात, मीही वैतागलो होतो, कारण ‘७२०एच’ लिहायला कोणाला आवडतं. पण विचार बरोबर आहे, दिवस दर वेळी २४ तासांचा नसतो. जिथं डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ पुढं करायची पद्धत) आहे तिथं वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा होतो, आणि लॉर्ड हाऊ बेटावर तर घड्याळ अर्ध्या तासानेच हलतं. समोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच वगळला, २९ नंतर थेट ३१. जावाने २०१४ मध्ये, आवृत्ती ८ मध्ये, यावर दोन वेगळे टाइपच केले, ड्युरेशन म्हणजे मोजलेले सेकंद आणि पिरियड म्हणजे कॅलेंडरवरचे दिवस-महिने. ड्युरेशनमध्ये दिवस लिहिता येतो पण तो ठोक २४ तासांचा, हे डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. तुम्हालाही ‘डी’ ठेवायचाच असेल तर ठेवा, फक्त तो २४ तास आहे हे डॉकमध्ये लिहा आणि ‘दर महिन्याच्या १ तारखेला’ असलं काही त्याच्यातून काढायला जाऊ नका.

तर मग ३० दिवसांच्या कामाचं काय करायचं? इथं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची सर्व्हिस ३० दिवस एकदाही रिस्टार्ट न होता चालते का? माझी तरी कुठलीच चालली नाही. आठवड्यातून दोनदा डिप्लॉय असेल तर मेमरीतला ३० दिवसांचा टायमर कधीच वाजणार नाही, दर वेळी पुन्हा शून्यापासून मोजायला सुरुवात. म्हणजे ३२ बिटांची अडचण नसती तरी तुमचं काम झालंच नसतं, फक्त ते कळायला जास्त दिवस लागले असते. त्यामुळे मोठ्या मुदतीसाठी टायमर लावायचाच नाही, ‘पुढची वेळ अमुक’ असं डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचं आणि एक छोटा टायमर दर मिनिटाला उठून बघेल की वेळ झाली का. मिनिट तुमच्यासाठी जास्त असेल तर दहा सेकंद. एकाच प्रोसेसमध्ये काही तासांचं थांबायचं असेल तर साधा टायमर पुरतो. कुठं रेघ मारायची? मी एक तासाच्या पुढचं सगळं लिहून ठेवतो, पण तो माझा अंदाज आहे, तुमच्याकडे डिप्लॉय किती वेळा होतं त्यावर ठरवा.

आता ती तासाच्या कामाची तक्रार. आकडे मांडून बघा. काम १० वाजता सुरू झालं, त्याला १२ सेकंद लागले, संपल्यावर तुम्ही ‘आता पुढच्या तासाने’ म्हणून टायमर लावला. पुढचं काम ११ वाजता नाही, ११ वाजून १२ सेकंदांनी. त्याच्या पुढचं १२ वाजून २४ सेकंदांनी. २४ तासांत २८८ सेकंद, पावणेपाच मिनिटांच्या वर, आणि चार दिवसांत १९ मिनिटं १२ सेकंद. तुम्ही वीसेक मिनिटं म्हणालात, म्हणजे तुमचं काम सरासरी बारा-तेरा सेकंद घेत असणार, लॉग उघडून बघा. टायमर यात अचूक आहे, त्याला सांगितलेला तास त्याने इमानदारीत मोजला.

उपाय एका ओळीचा आहे. पुढची वेळ ‘आत्ता अधिक एक तास’ अशी काढू नका, ‘मागची ठरलेली वेळ अधिक एक तास’ अशी काढा, आणि मग त्यातून आत्ताची वेळ वजा करून जेवढं उरेल तेवढ्याचा टायमर लावा. काम १२ सेकंद चाललं तर टायमर ५९ मिनिटं ४८ सेकंदांचा लागेल आणि ११ ला ११ वाजतील. सेटइंटरव्हल (ठरावीक अंतराने काम पुन्हा पुन्हा चालवणारं फंक्शन) लावून सुटका होईल असं वाटत असेल तर थांबा, तो तुमच्या असिंक कामाची वाट बघत नाही, एखाद्या दिवशी काम तासापेक्षा जास्त चाललं तर दुसरं त्याच्या डोक्यावर सुरू होतं, आणि थोडा थोडा तोही सरकतो.

पण मग एक प्रश्न तुम्हालाच सोडवावा लागेल. काम पावणेतीन तास अडकून राहिलं तर हुकलेल्या दोन वेळांचं काय? पटापट दोन्ही उरकायच्या की सोडून पुढची धरायची? जावाच्या स्केड्युलअ‍ॅटफिक्स्डरेटला भरपाई करायची सवय आहे, मागे पडलेलं एकामागून एक चालवतं. गोचा टिकर उलटा, घेणारा हळू असेल तर टिक टाकून देतो. रिपोर्ट बनवायचा असेल तर मी हुकलेलं सोडून देतो, पैशाचा हिशेब असेल तर एकही वेळ सोडत नाही. यात बरोबर-चूक असं नाही, फक्त लायब्ररीने तुमच्या वतीने ठरवलेलं काय आहे ते माहीत पाहिजे. जाता जाता, त्याच जावाच्या शेड्युलरमध्ये काम करताना एक्सेप्शन बाहेर पडलं तर पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद होतात, आवाज न करता. तुमच्या टीममध्ये कुणी जावावाला असेल तर विचारा त्याला, चावलेलं असणार.

आता घड्याळाकडे येतो, कारण वरचं ‘वजा करून उरेल तेवढं’ कुठल्या घड्याळाने मोजायचं यावर सगळं आहे. मशीनमध्ये दोन घड्याळं समजा. एक भिंतीवरचं, जे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद सांगतं, आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी यंत्रणा) त्याला मध्येच मागे-पुढे सरकवू शकतं, अ‍ॅडमिन हाताने बदलू शकतो. दुसरं मोनोटोनिक, म्हणजे स्टॉपवॉच, ते फक्त पुढेच जातं, त्याला किती वाजले हे माहीत नाही पण किती वेळ गेला हे पक्कं माहीत आहे. ‘किती वेळाने’ स्टॉपवॉचला विचारायचं, ‘किती वाजता’ भिंतीवरच्याला. नोडमध्ये परफॉर्मन्स डॉट नाऊ, पायथनमध्ये टाइम डॉट मोनोटोनिक (३.३ पासून), जावात नॅनोटाइम, सीप्लसप्लसमध्ये स्टेडीक्लॉक, लिनक्सवर क्लॉक मोनोटोनिक.

हे पुस्तकी वाटेल म्हणून सांगतो. २०१६ च्या शेवटच्या रात्री एक लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायचा जादा सेकंद) घातला गेला, १९७२ पासूनचा २७ वा. त्या वेळी इंटरनेटवरच्या एका मोठ्या डीएनएस सेवेत (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) गोमधलं कोड दोन वेळांची वजाबाकी करत होतं, ते धरून चाललं होतं की उत्तर कधी उणे येणार नाही, आणि त्या सेकंदाला ते उणे आलं, प्रोग्राम पॅनिक झाला. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, गो १.९ आलं आणि टाइम डॉट नाऊच्या आत मोनोटोनिक आकडा गुपचूप सोबत ठेवायला लागलं, म्हणजे कोणी काही न बदलता वजाबाकी सुधारली. तुमच्या कोडमध्ये डेट डॉट नाऊ वजा डेट डॉट नाऊ अशी जागा असेल (असणारच) तर तिथं उत्तर उणे येऊ शकतं असंच धरून चला.

स्टॉपवॉचचीही एक खोड आहे, लिनक्सवरचं मोनोटोनिक घड्याळ मशीन झोपलेलं असताना चालत नाही, झोपेसकट मोजायचं तर क्लॉक बूटटाइम वेगळं आहे. सर्व्हरला याने फरक पडत नाही, लॅपटॉपवर चालणारं काही असेल तर पडतो. आणि स्टॉपवॉचचा आकडा डेटाबेसमध्ये लिहू नका, रिस्टार्टनंतर त्याला काही अर्थ राहत नाही, तिथं भिंतीवरचीच वेळ लिहायची, यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत). तुमच्या दर तासाच्या कामाला पण भिंतीवरचंच घड्याळ लागेल, कारण ११ वाजता म्हणजे ११ वाजता. टाइमआउट, रीट्राय, रेट लिमिट, हे सगळं स्टॉपवॉचवर.

भविष्यातली ‘किती वाजता’ लिहिताना एकच काळजी. ‘पुढच्या मार्चमध्ये अमुक शहरात सकाळी ९ वाजता’ असं असेल तर ते आजच यूटीसी करून ठेवू नका, स्थानिक वेळ आणि झोनचं पूर्ण नाव ठेवा, नुसता ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) पण नको. सरकारं नियम बदलतात आणि उशिरा सांगतात, लेबनॉनने मार्च २०२३ मध्ये ऐनवेळी डेलाइट सेव्हिंग पुढं ढकललं आणि काही दिवसांतच तो निर्णय मागेही घेतला. झालेल्या गोष्टींच्या नोंदी मात्र यूटीसीमध्ये खुशाल ठेवा, त्या आता बदलत नाहीत.

तारखा वाचण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण तुमची युटिलिटी तेही करते असं दिसतंय, म्हणून पटकन. जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२४-०३-१०’ एवढंच दिलं तर ते यूटीसी धरलं जातं, आणि त्याला वेळ जोडली पण झोन नाही लिहिला तर लोकल. एकाच फंक्शनमध्ये दोन नियम, त्यामुळे यूटीसीच्या मागे असलेल्या झोनमध्ये तारीख एक दिवस आधीची दिसते. आरएफसी ३३३९ या इंटरनेटवरच्या तारीख-वेळेच्या मानकाच्या साच्यातलंच घ्या, ऑफसेट नसेल तर नको म्हणा. पायथनमध्ये फ्रॉमआयएसओफॉरमॅट ३.७ पासून आहे पण शेवटचं झेड (म्हणजे यूटीसी) त्याला ३.११ पासून कळायला लागलं, जुन्या आवृत्तीवर तेवढं बघा.

टेस्टचं शेवटी लिहितोय पण करताना आधी करा. युटिलिटीत कुठेही थेट डेट डॉट नाऊ बोलवू नका, घड्याळ बाहेरून आत द्या, म्हणजे टेस्टमध्ये खोटं घड्याळ देऊन ३० दिवस एका मिलिसेकंदात पुढं नेता येतात. फक्त एक धोका, टेस्टच्या लायब्ररीतले खोटे टायमर खऱ्या नोडसारखे मर्यादा पाळतीलच असं नाही, त्यामुळे ‘३०डी’ची टेस्ट तिथं हिरवी येऊन प्रॉडक्शनमध्ये लाल होऊ शकते. मर्यादेची तपासणी तुमच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये ठेवा आणि तीच टेस्ट करा: २,१४,७४,८३,६४७ ला चालू दे, त्यात एक मिळवला की एरर.

लायब्ररीचं नाव हवंच असेल तर तुमचीच साठ ओळींची युटिलिटी ठेवा. चार युनिट, पूर्ण स्ट्रिंगला पॅटर्न, आकडे पूर्णांकात, न कळलं तर सुरू होतानाच एरर. ‘१.५एच’ घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी घेत नाही, ‘९०एम’ लिहा म्हणतो. आणि तो डेटा साफ करणारा टायमर अजून चालू असेल तर हे वाचणं सोडा, आधी तो बंद करा.